अग्निबाणाचे ओतकाम

शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा उद्यमनगरच्या फाउंड्रीत ज्यांची हयात गेली, त्या आपल्या बांधवांना ओतकाम शिकवायला नको. साचा, कोअर, रस ओतणे आणि माल फोडल्यावर दिसणारा ब्लो होल, सारे त्यांना पाठ. उपग्रह वर नेणाऱ्या अग्निबाणाचे घन इंधनही असेच ओतावे लागते, हे मात्र आपल्या घरांतून कुणी फारसे सांगत नाही.

हे काम भारतात ज्यांनी उभे केले त्यांत डॉ. वसंत गोवारीकर अग्रभागी होते. जन्म १९३३ साली पुण्यात. बर्मिंगहॅमला रासायनिक अभियांत्रिकीत पीएच.डी. केली, इंग्लंडातच नोकरीही केली. डॉ. विक्रम साराभाईंच्या बोलावण्यावरून १९६७ साली ते केरळातील थुंबा येथे आले.

ॲल्युमिनियमची भुकटी, प्राणवायू पुरवणारे अमोनियम परक्लोरेट आणि रबरासारखा बंधक यांचे दाट मिश्रण अग्निबाणाच्या नळकांड्यात ओततात. मध्ये कोअर उभा असतो. मंद उष्णतेवर मिश्रण घट्ट झाले की कोअर काढून घेतात. त्या पोकळीच्या भिंतीपासून इंधन जळत जाते. आत तडा किंवा बुडबुडा राहिला तर जळणारा पृष्ठभाग एकदम वाढतो, दाब चढतो आणि नळकांडे फुटते. फाउंड्रीतला सदोष माल पुन्हा भट्टीत टाकता येतो, येथे ती सोय नाही. म्हणून क्ष-किरणांनी आतली तपासणी करावी लागते.

गोवारीकर १९७९ ते १९८५ विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक होते. १० ऑगस्ट १९७९ रोजी पहिले एस.एल.व्ही.-३ समुद्रात पडले. १८ जुलै १९८० रोजी दुसऱ्याने रोहिणी उपग्रह कक्षेत पोहोचवला. यानाचे चारही टप्पे घन इंधनाचे, एकूण वजन १७ टन आणि पोहोचलेला माल ३५ किलो! माझ्यासारख्या जमाखर्च लिहिणाऱ्याला हा धंदा बुडीतच वाटावा. पण याच वाटेने पुढे जाऊन आज पी.एस.एल.व्ही.च्या पहिल्या टप्प्यात सुमारे १३८ टन घन इंधन असते. पुढे मान्सूनच्या अंदाजामुळे गोवारीकरांचे नाव घरोघरी झाले. २०१५ साली ते गेले.

आपल्याकडे मुलगा इंजिनियर झाला तर पेढे वाटतात, आय.टी.आय.ला गेला तर आईवडील खालच्या आवाजात सांगतात. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, वेल्डर अशा ट्रेडची दहावी-आय.टी.आय. झालेली मुलेमुलीही इस्रो तंत्रज्ञ म्हणून घेते. जाहिरात आली की वयाची अट नीट वाचून अर्ज वेळेत भरावा.