कुंडीतलं अंजीर: शेंडा उडवा, फांद्या मिळवा

शेजारच्या काकूंच्या गच्चीवरचं अंजीर काल पाहिलं. काठीसारखं सरळ, पानं फक्त शेंड्याला!

शेंड्यातून ऑक्झिन हे संप्रेरक खाली उतरतं आणि खालच्या डोळ्यांना फुटू देत नाही. म्हणून गुडघ्याएवढ्या उंचीवर, डोळ्याच्या जरा वर, धारदार सिकेटरने काप घ्या. येणाऱ्या फुटव्यांपैकी वेगवेगळ्या दिशांचे तीन-चार ठेवा, बाकीचे खुडा. त्यांना पाच-सहा पानं आली की त्यांचेही शेंडे खुडा.

चिकाने कातडी चुरचुरते, हातमोजे हवेतच.

पुणे अंजिराला फळ नव्या फुटीवर येतं, त्यामुळे कापायला घाबरू नका. पुरंदरचे बागायतदार मिठ्या बहारासाठी, म्हणजे उन्हाळी फळांसाठी, पावसाळा ओसरताना छाटतात.

कापलेली काडी मातीत खोचा, बहुतेक वेळा रुजते.

कुठे कापायचं कळत नसेल तर फोटो टाका, सांगते.