थिओचे पैसे, व्हिन्सेंटचे हात

पडद्यावरचे चित्रकार – भाग 4

चित्रकारावरचा चित्रपट म्हटला की सुरुवातीलाच कुंचला दिसणार, असे आपण धरून चालतो. ‘लस्ट फॉर लाइफ’मध्ये तसे होत नाही. 1956 सालच्या या चित्रपटात व्हिन्सेंट व्हॅन गॉग आपल्याला पहिल्यांदा भेटतो तो धर्मप्रचारक व्हायला निघालेला. त्याला पाठवतात बेल्जियममधल्या बोरिनाजला, कोळशाच्या पट्ट्यात. डिचोलीकडच्या वाचकांना खाण म्हणजे उघड्यावर पायऱ्यापायऱ्यांनी कापलेला लाल डोंगर. बोरिनाजला माणसे जमिनीच्या पोटात उतरतात आणि दिवस मावळला की काळीठिक्कर होऊन वर येतात. व्हिन्सेंट त्यांच्याबरोबर खाली जातो. मग आपल्याजवळचे सगळे वाटून टाकतो आणि खोपटात गवतावर झोपू लागतो. तपासणीला आलेल्या वरिष्ठांना हे पाहून संताप येतो, कारण त्यांना प्रचारक नीटनेटका, चारचौघांत शोभेलसा हवा असतो. त्याचे काम जाते. चित्र येते ते त्यानंतर, खाणीतून घरी निघालेल्या माणसांच्या रेखाटनांतून.

दिग्दर्शक मिनेली नाचगाण्यांच्या चित्रपटांसाठी प्रसिद्ध. ‘अ‍ॅन अमेरिकन इन पॅरिस’ त्याचाच. अशा माणसाने बोरिनाजला एवढा वेळ द्यावा, याचे मला फार मोल वाटते. कथा इर्विंग स्टोनच्या 1934 सालच्या कादंबरीवरून घेतली आहे, आणि कादंबरीचा भावुकपणा चित्रपटातही जागोजागी उतरला आहे. पण रंगांच्या बाबतीत मिनेली कुणाचे ऐकत नाही. खाणीचा भाग करडा-काळा, हॉलंडचा भाग ओलसर मातकट हिरवा, आणि आर्लला पोहोचल्यावर पिवळा रंग डोळ्यांत घुसतो. त्या काळी सर्रास वापरली जाणारी ईस्टमन फिल्म त्याला भडक वाटत होती. म्हणून बाजारातून जवळजवळ गेलेली आन्स्को फिल्म त्याने हट्टाने मिळवून वापरली. चित्रण बोरिनाज, आर्ल, ओव्हेर अशा मूळ ठिकाणी जाऊन केले. पडदा सिनेमास्कोपचा, लांबच लांब. इथे मोपात आपण जुने चित्रपट बहुधा मोबाईलवर पाहतो. हा तरी शक्य तेवढ्या मोठ्या पडद्यावर पाहावा, ही विनंती. शेत आणि आभाळ यांच्यामध्ये तो माणूस किती एवढासा दिसतो, ते मोबाईलवर कळतच नाही.

कर्क डग्लसच्या व्हिन्सेंटबद्दल बोलताना लोक हटकून दिव्याच्या ज्योतीवर हात धरण्याचा प्रसंग सांगतात. प्रसंग जबरदस्त आहेच, आणि व्हिन्सेंटच्या आयुष्यात तो घडलेलाही आहे. मला मात्र त्याचे बाकीच्या वेळचे हात जास्त आठवतात. कागद दाबून धरणारे, वाऱ्यात स्टँड सावरणारे, एक चित्र पुरते वाळायच्या आत दुसऱ्याला भिडणारे. अंगमेहनत करणाऱ्याचे हात आहेत ते. वेड लागल्यामुळे त्याने चित्रे काढली, हा समज इतका रुजला आहे की हे हात नीट पाहायला हवेत. झटका यायचा तेव्हा त्याचे काम थांबायचे. चित्रे झाली ती शुद्धीवर असताना, शिस्तीने.

1888 च्या ऑक्टोबरात पॉल गोगँ आर्लच्या पिवळ्या घरात राहायला येतो. या भूमिकेसाठी अँथनी क्विनला सहायक अभिनेत्याचे ऑस्कर मिळाले, तेही पडद्यावर अर्धा तासही नसताना. दोघांचे भांडण स्वभावाचे आहे तितकेच कामाचे. चित्र समोर पाहून काढायचे की आठवून? तू फार घाईने रंगवतोस, असे गोगँ सुनावतो. तू फार घाईने पाहतोस, असे व्हिन्सेंट उलटून म्हणतो. व्हॅन गॉगची चित्रे कशी पाहावीत हे या एका चकमकीतून जेवढे कळते, तेवढे जाडजूड पुस्तकातून कळेल की नाही, शंका आहे. पुढे व्हिन्सेंट स्वतःचा कान कापतो, तो प्रसंग मिनेली आपल्या डोळ्यांसमोर घडू देत नाही. हा संयम आजच्या दिग्दर्शकांनी शिकावा.

आणि थिओ. पॅरिसमध्ये चित्रांच्या दुकानात नोकरी करणारा हा धाकटा भाऊ. सुरुवातीच्या वर्षांत तो व्हिन्सेंटला महिन्याला 100 ते 150 फ्रँक पाठवायचा. रंग, कॅनव्हास, भाडे, पाव, सगळे त्यातच. चित्रपटभर पत्रांतले शब्द कानावर पडत राहतात आणि जेम्स डोनल्डचा शांत, चिंतातुर चेहरा मधून मधून येतो. दोघांपैकी कुणाची गोष्ट चालली आहे, असा प्रश्न पडावा इतका तो मला जवळचा वाटतो.

चित्रपट कमी पडतो तो इथेच, थिओच्या घरात. त्याची बायको योहाना पडद्यावर येते-जाते, एवढेच. प्रत्यक्षात व्हिन्सेंटनंतर सहा महिन्यांत थिओही गेला. तान्हे मूल आणि शेकडो चित्रे योहानाच्या पदरात पडली. तिने खानावळीसारखे भाडेकरूंचे घर चालवले, प्रदर्शने भरवली, 1914 मध्ये पत्रे छापून आणली. ती नसती तर हा चित्रपट कशावर काढला असता? दुसरी चूक शेवटाची. गव्हावरच्या कावळ्यांचे चित्र पुरे करून व्हिन्सेंट पिस्तूल झाडतो, असे दाखवले आहे. ते त्याचे शेवटचे चित्र नव्हे. ‘झाडाची मुळे’ हे शेवटचे, असे अभ्यासक आज मानतात.

आपल्या गोव्यात असा चित्रपट कुणावर व्हावा, असे विचारले तर मी साळगावच्या फ्रान्सिस न्यूटन सोझाचे नाव घेईन. जन्म 1924 चा. तो तान्हा असतानाच वडील गेले, आईने कपडे शिवून त्याला वाढवले. जे. जे. स्कूलमधून त्याला काढून टाकले. 1947 मध्ये त्याने मित्रांसोबत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा केला आणि 1949 मध्ये लंडन गाठले. तिथे 1955 पर्यंत नाव होईना. त्या ओढगस्तीत बायको मारिया कमावत होती. सोझाची दारू, त्याचा संताप, त्याची विद्रूप केलेली मुंडकी यांवर पटकथा सहज लिहून होईल. पण लिहिणाऱ्याने आईचे शिवणयंत्र आणि मारियाची नोकरी वगळली, तर मला तो चित्रपट नको.

पुढच्या आठवड्यात ‘रंग रसिया’. चंदगडजवळच्या कोवाडचे रणजित देसाई यांच्या ‘राजा रविवर्मा’ कादंबरीवरचा हा चित्रपट 2008 मध्ये तयार होऊनही इथल्या चित्रपटगृहांत 2014 च्या नोव्हेंबरात लागला. जमल्यास कादंबरी आधी वाचून ठेवा.