डोमेन नेमचा व्यापार : नफा कोठवर, अतिचार कोठून?

पेठेतील मोक्याचा गाळा हाती आला की अर्धा धंदा झाला, असे जुने व्यापारी मानीत. रस्त्याच्या तोंडाशी असलेल्या दुकानाची पागडी जास्त, गल्लीतल्या दुकानाची कमी, हा हिशेब व्यापारी घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. आता अशीच पागडी एका अदृश्य पेठेतही द्यावी-घ्यावी लागते. त्या पेठेतला गाळा म्हणजे इंटरनेटवरील नाव, अर्थात डोमेन नेम. हजार-दीड हजार रुपयांत नाव नोंदवायचे आणि पुढे ज्याला त्याची गरज पडेल त्याला लाखोंना विकायचे, या व्यवहाराची भुरळ तरुणांना पडणे स्वाभाविक आहे. घरातील वडीलधाऱ्यांना मात्र हा धंदा म्हणावा, सट्टा म्हणावा की लबाडी, याचा उलगडा होत नाही. खरे तर या एकाच नावाखाली तिन्ही प्रकार चालतात. ते वेगवेगळे ओळखता आले पाहिजेत.

पेठ कशी वसली

संगणकांना परस्परांचा पत्ता अंकांत कळतो. माणसाला अंक लक्षात राहत नाहीत. म्हणून १९८३ साली अंकांच्या जागी नावे वापरण्याची पद्धत आखली गेली. 'डॉट कॉम' या शेपटाचे पहिले नाव, 'सिम्बॉलिक्स डॉट कॉम', १५ मार्च १९८५ रोजी एका अमेरिकन संगणक कंपनीने नोंदविले. पुढील दहा वर्षे नोंदणीला शुल्कच नव्हते. १९९५ मध्ये दोन वर्षांसाठी शंभर डॉलर आकारणी सुरू झाली, तोवर दूरदृष्टीच्या लोकांनी रोजच्या वापरातील कित्येक इंग्रजी शब्द आपल्या नावे करून ठेवले होते.

त्यातून काहींचे नशीब उघडले. 'बिझनेस डॉट कॉम' हे नाव १९९७ मध्ये दीड लाख डॉलरला घेतले गेले आणि दोनच वर्षांनी पंचाहत्तर लाख डॉलरला विकले गेले. २०१९ मध्ये 'व्हॉइस डॉट कॉम' हे नाव तीन कोटी डॉलरला गेले. ज्या कंपनीने ते विकले तिच्याकडे ते अनेक वर्षे पडून होते. अशा वार्ता वाचून नवशिक्यांचे डोळे दिपतात. पण हे शब्द सामान्य, छोटे आणि सर्वांना हवेसे होते, आणि ते पेठ वसण्यापूर्वीच हाती आले होते, हे विसरता कामा नये. आज 'डॉट कॉम'ची नोंदलेली नावे पंधरा कोटींच्या वर आहेत. मोक्याचे गाळे केव्हाच गेले.

आणखी एक गोष्ट व्यापाऱ्याने नीट समजून घ्यावी. हे नाव कायमचे विकत मिळत नाही. ते एका वेळी फार तर दहा वर्षांच्या मुदतीने मिळते. म्हणजे हा खरेदीखताचा व्यवहार नसून भाडेपट्ट्याचा आहे, आणि भाडे थकले की गाळा जातो.

वहीतला हिशेब

आता जमाखर्च मांडून पाहू. एखाद्या तरुणाने शंभर नावे घेतली आणि प्रत्येकी वार्षिक शुल्क करासह बाराशे रुपये धरले, तर वर्षाला एक लाख वीस हजार रुपये केवळ ती नावे टिकविण्यात जातात. या क्षेत्रातील अनुभवी लोकांचा ठोकताळा असा की, सांभाळलेल्या शंभर नावांपैकी वर्षाकाठी एखाद-दुसरे विकले जाते. शंभरात एकच विकले गेले आणि विक्रीपेठेची दलाली वीस टक्के धरली, तर ते एक नाव दीड लाखाला जावे तेव्हा कुठे खर्च भरून निघतो. ते साठ हजाराला गेले तर हाती अठ्ठेचाळीस हजार येतात, आणि वर्षाअखेर बहात्तर हजारांचा तोटा लिहावा लागतो. दहा वर्षे पडून राहिलेल्या नावावर बारा हजार चढलेले असतात, गुंतलेल्या पैशाचे व्याज वेगळे.

धान्य किंवा कापड पडून राहिले तर घट सोसून का होईना, पण विकता येते. न खपणारे नाव मोडीतही जात नाही. त्याचा बाजारभाव रोज जाहीर होत नाही, आणि बँका सहसा ते तारण म्हणून स्वीकारीत नाहीत. म्हणून या व्यवहारात उसनवारीचे भांडवल कदापि घालू नये.

विक्री ठरली की रक्कम आणि नाव यांची अदलाबदल विश्वासू मध्यस्थामार्फत करावी. खरेदीदार पैसे मध्यस्थाकडे ठेवतो, विक्रेता नाव हस्तांतरित करतो, ते पोहोचल्याची खात्री झाल्यावर मध्यस्थ पैसे सोडतो. परदेशातून रक्कम आल्यास आवक रकमेची बँकेची सूचना जपून ठेवावी. हे उत्पन्न लपविण्याजोगे नाही. नियमित खरेदी-विक्री असेल तर तो व्यवसाय ठरतो आणि त्याची नोंद वहीत हवीच. कराची बाजू चार्टर्ड अकाउंटंटला आरंभीच विचारून घ्यावी.

एका अक्षराचा फरक

सामान्य शब्द आधी ओळखून नोंदविणे ही व्यापारातील दूरदृष्टी झाली. दुसऱ्याने घामाने कमावलेले नाव आधी नोंदवून त्याच्याकडूनच पैसे मागणे, हा निराळा प्रकार. १९९५ मध्ये अमेरिकेत एका गृहस्थाने चित्रपटांचे कॅमेरे पुरविणाऱ्या 'पॅनाव्हिजन' या कंपनीच्या नावाचे डोमेन घेतले, त्यावर पॅना नावाच्या गावाची छायाचित्रे लावली आणि कंपनीकडे तेरा हजार डॉलर मागितले. १९९८ मध्ये अपिलातही निकाल त्याच्या विरुद्ध गेला. १९९९ पासून अशा तंट्यांसाठी आंतरराष्ट्रीय लवादाची व्यवस्था आहे. तेथे तीन गोष्टी तपासतात : नाव दुसऱ्याच्या व्यापारचिन्हाशी फसवे साम्य असणारे आहे काय, धारकाचा त्यावर काही न्याय्य हक्क आहे काय, आणि नोंदणी व वापर यांमागे दुष्ट हेतू आहे काय. 'डॉट इन' नावांसाठीही स्वतंत्र लवाद आहे.

आपल्या न्यायालयांनीही याबाबत स्पष्ट भूमिका घेतली आहे. १९९९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने 'रेडिफ'शी मिळतेजुळते 'रॅडिफ' हे नाव वापरण्यास मनाई केली. २००४ मध्ये 'सिफी' आणि एक 'एफ' जास्त असलेले 'सिफीनेट' या वादात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, डोमेन नेमलाही व्यापारचिन्हासारखे संरक्षण मिळू शकते आणि दुसऱ्याच्या नावावर आपला माल खपविणाऱ्यास रोखता येते.

जैन श्रावकाला मात्र यासाठी न्यायालयाच्या निकालाची वाट पाहण्याचे कारण नाही. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत प्रतिरूपक व्यवहार हा एक आहे. अस्सल मालासारखा दिसणारा नकली माल अस्सल म्हणून देणे, असा त्याचा रूढ अर्थ. तुपात भेसळ करणारा आणि एका अक्षराच्या फरकाने दुसऱ्याचे गिऱ्हाईक आपल्या दारात वळविणारा, हे दोघेही याच अतिचाराचे धनी होत. शेजारच्या पेढीने अद्याप आपले नाव इंटरनेटवर घेतलेले नाही, हे हेरून ते स्वतः घेऊन ठेवणे हे तर सरळ अदत्तादान. आणि शेकडो नावे केवळ दुसऱ्याला मिळू नयेत म्हणून दाबून ठेवायची, तेव्हा परिग्रह-परिमाणाचाही विचार करावा लागतो. परिमाण रुपयांत ठरविले आणि नावे मोजलीच नाहीत, अशी पळवाट व्रतात नाही.

अलीकडचे एक उदाहरण बोलके आहे. दोन मोठ्या मनोरंजन सेवा एकत्र येणार, असा अंदाज बांधून दिल्लीतील एका तरुणाने दोन्ही नावे जोडून 'जिओहॉटस्टार डॉट कॉम' नोंदविले आणि २०२४ मध्ये परदेशी शिक्षणाचा खर्च मागितला. पुढे ते नाव दुबईतील दोन लहान भावंडांकडे गेले आणि त्यांनी ते कंपनीला विनामूल्य देऊ केले. तरुणाचा तर्क अचूक होता. पण जोडलेली दोन्ही नावे त्याची नव्हती.

आपल्या पेढीचे नाव कोणाच्या हाती?

नावांचा व्यापार करो वा न करो, प्रत्येक व्यापारी कुटुंबाने आपल्या घरचे नाव आधी तपासावे. पुष्कळ पेढ्यांचे डोमेन नेम संकेतस्थळ तयार करून देणाऱ्याच्या किंवा एखाद्या नोकराच्या ई-मेलवर नोंदलेले असते. तो निघून गेला की नूतनीकरणाची सूचना कोणाला मिळतच नाही. 'डॉट कॉम'ची मुदत संपल्यावर नोंदणी कंपनीच्या धोरणानुसार पंचेचाळीस दिवसांपर्यंत सवलत मिळू शकते, मात्र त्या काळातही काही कंपन्या नाव लिलावात काढतात. त्यानंतर तीस दिवस जबर शुल्क भरून ते सोडविता येते, आणखी पाच दिवसांनी ते कोणालाही खुले होते. चांगल्या नावांवर टपून बसलेल्या संगणक प्रणाली ते क्षणार्धात उचलतात.

नुकसान केवळ संकेतस्थळाचे नसते. नव्या धारकाला त्या नावावरील जुन्या ई-मेल पत्त्यांवर येणारी पत्रेही मिळू शकतात. ग्राहकांच्या ऑर्डरी, बँकेची पत्रे, पासवर्ड बदलण्याचे दुवे, सारे परक्याच्या हाती. त्याच पत्त्यावरून बदललेल्या खाते क्रमांकाचे बिल ग्राहकाला गेले, तर तीन पिढ्यांची पत एका दिवसात बुडते.

उपाय सोपा आहे. नोंदणी मालकाच्या किंवा फर्मच्या नावे असावी. नोंदणीचा ई-मेल त्याच डोमेनवरचा नसावा, नाही तर डोमेन बंद पडताच सूचनाही बंद पडतात. घरातील दोघांना पासवर्ड ठाऊक असावा, शुल्क एकदम पाच-दहा वर्षांचे भरावे आणि भागीदारी विसर्जित करताना नाव कोणाकडे राहील हे करारात लिहावे. आणि दिवाळीला वहीपूजन करताना पहिल्या पानावर 'शुभ' आणि 'लाभ' लिहून झाल्यावर, दुकानाच्या परवान्यांच्या तारखांशेजारी डोमेन नेमची मुदत संपण्याची तारीखही मांडून ठेवावी.