डोरा मंद झाला

भाऊबीज आटोपली की भंडारा जिल्ह्यात गावोगाव मंडई भरते. लेकी माहेरी येतात, पाहुण्यांनी ओसरी भरते, आणि रात्री दंडार नाहीतर खडी गंमत असं लोकनाट्य उभं राहतं. कुठे वडशाच्या कंपनीचं झाडीपट्टी नाटक पार कोंबडा आरवेपर्यंत चालतं. वीसेक वर्षांपूर्वी याच मंडईत भज्यांच्या दुकानाशेजारी ताडपत्रीवर सीड्या मांडलेल्या असत. नवे सिनेमे, भजनं आणि त्यांच्यातच आपल्याच भागातल्या शाहिरांच्या खडी गंमती. वेष्टनावरचा फोटो धुरकट, छपाई कामचलाऊ, पण घेणारे दोन-दोन घेऊन जात.

मागच्या मंडईला मोहाडी तालुक्यात मामाकडे गेलो होतो. जेवणं झाल्यावर मामींनी कपाटातून चेनची पिशवी काढली. मोजल्या तर एकतीस सीड्या-डीव्हीड्या. लग्नं, एक बारसं, एक साठी, दोन खडी गंमती आणि एक दंडार. त्या दंडारीत आजोबा आहेत, असं मामाचं म्हणणं. आजोबांचा आवाज असलेली दुसरी वस्तू घरात नाही. घरातला डीव्हीडी प्लेयर केव्हाच भंगारात गेला होता, म्हणून माझा जुना लॅपटॉप पुढे आला. दंडारीची सीडी घातली. कुर्र, टक, टक, मग शांतता. पुन्हा कुर्र. शेवटी पडद्यावर सूचना आली, की ड्राइव्हमध्ये डिस्क घाला. डिस्क तर आतच होती.

‘गेली वाटते भाचा तुझी मशीन,’ मामा म्हणाले.

मलाही तसंच वाटलं. दोन दिवसांनी भंडाऱ्यात एका दुरुस्तीवाल्याकडे लॅपटॉप ठेवला. त्याने ट्रे बाहेर काढला, दिव्याखाली तिरपा धरून पाहिला आणि म्हणाला, ‘मसीन मेली नाई भाऊ. डोरा मंद झाला तिचा.’ आमच्याकडच्या झाडीबोलीत ळ नाही, त्याच्या जागी र येतो. डोळ्याचा डोरा होतो. यापेक्षा नेमकं निदान मी कुठल्या माहितीपुस्तकात वाचलेलं नाही.

तो डोळा म्हणजे लेन्स, मुगाच्या दाण्याएवढी. तिच्याखालचा लेसर सीडीवर उजेड टाकतो आणि परत येणाऱ्या उजेडातला चढउतार ओळखतो. सीडीवरची माहिती आतून बाहेर जाणाऱ्या एका सलग सर्पिल रेषेत असते. ही रेषा उलगडली तर पाच किलोमीटरच्या वर जाते, आणि तिच्या दोन वेढ्यांमधलं अंतर असतं १.६ मायक्रॉन. डोक्यावरचा एक केस आडवा टाकला तर त्याखाली चाळीसेक वेढे झाकले जातात. सीडी सपाट दिसली तरी फिरताना वरखाली आणि आजूबाजूला हेलकावते. त्या हेलकाव्यांबरोबर लेन्सही सतत हलत राहावी म्हणून ती बारीक तारांवर टांगलेली असते आणि चुंबक व वेटोळी तिला नाचवतात. आपल्याला ऐकू येतं ती कुरकुर आणि टकटक म्हणजे पुष्कळदा या डोळ्याची धडपड. नजर बसत नाही, पुन्हा पहिल्यापासून शोध.

आता धुळीचं गणित. सीडी १.२ मिलिमीटर जाड असते आणि माहिती प्लॅस्टिकच्या पलीकडच्या अंगाला, म्हणजे छापील बाजूला चिकटून असते. लेसरचा झोत सीडीच्या पृष्ठभागावर शिरताना साधारण पाऊण मिलिमीटर रुंद असतो आणि आत माहितीपाशी पोचेपर्यंत त्याचा जेमतेम दीड-पावणेदोन मायक्रॉनचा ठिपका उरतो. म्हणून सीडीवरचा एखादा धुळीचा कण ड्राइव्ह खपवून घेतो. लेन्सवरचा थर मात्र खपत नाही, कारण तो प्रत्येक सीडीच्या प्रत्येक वेढ्याला आडवा येतो. आणि धुळीला आमच्याकडे काय तोटा! भाताचा जिल्हा. दिवाळीच्या आसपास मळणी सुरू होते, तुमसर म्हणजे तर धानाची मोठी बाजारपेठ, गिरण्यांचा कोंडा वाऱ्यावर. माझा लॅपटॉप तीन वर्षं एका राइस मिलच्या मागच्या खोलीत वापरात होता. त्याच्या पंख्यातून निघालेला पिवळसर भुसा दुरुस्तीवाल्याने मला तळहातावर घेऊन दाखवला.

त्याची पद्धत मला आवडली. लगेच स्क्रू-ड्रायव्हर नाही. खणात त्याच्या तीन सीड्या ठेवलेल्या: कंपनीत छापलेली गाण्यांची सीडी, सिनेमाची छापील डीव्हीडी आणि घरी राइट केलेली एक सीडी. तिन्ही पाळीपाळीने घातल्या. डीव्हीडी लागली. गाण्यांची सीडी बऱ्याच वेळाने लागली. राइट केलेली लागलीच नाही. ‘म्हणजे मोटर ठीक, केबल ठीक, विंडोजही ठीक,’ तो म्हणाला. हे तर्कशास्त्र ध्यानात ठेवण्यासारखं आहे. छापील सीडीवर खड्डे प्लॅस्टिकमध्येच उठवलेले असतात. राइट केलेल्या सीडीवर खड्डे नसतात, रंगद्रव्याच्या थरावर लेसरने उमटवलेल्या खुणा असतात, आणि तो रंग वर्षागणिक उतरतो. छापील चालते आणि राइट केलेली चालत नाही, तेव्हा बहुधा उजेड कमी पडतोय. लेन्स मळली आहे, नाहीतर लेसर म्हातारा झाला आहे.

याहून वेगळी गंमत म्हणजे डीव्हीडी सुरळीत चालते आणि सीडी एकही चालत नाही, किंवा याच्या उलट. ड्राइव्हमध्ये दोन लेसर असतात: सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा, डोळ्याला जवळजवळ न दिसणारा, आणि डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचा लाल. एकाने मान टाकली तरी दुसरा काम करत राहतो. अशा वेळी लेन्स पुसून पाहावी, फरक पडला नाही तर ड्राइव्ह बदलावा. लेसर दुरुस्त होत नाही.

लॅपटॉपच्या ड्राइव्हचं एक बरं आहे. टेबलावरच्या संगणकात लेन्स आत लपलेली असते. लॅपटॉपमध्ये ती ट्रेवरच बसवलेली असते, ट्रे उघडला की समोर. लॅपटॉप बंद करायचा, चार्जर काढायचा, बॅटरी निघत असेल तर तीही काढायची. ट्रेच्या तोंडावर सुईएवढं भोक असतं, त्यात सरळ केलेली पेपरक्लिप हलकेच दाबली की ट्रे सुटतो. कापसाची काडी, औषधाच्या दुकानातलं आयसोप्रोपिल अल्कोहोल, एकच थेंब. फुलाच्या पाकळीवर बोट फिरवावं तितक्या हलक्या हाताने दोन-तीनदा पुसायचं आणि वाळू द्यायचं. करोनाच्या दिवसांत उरलेलं सॅनिटायझर वापरू नका, त्यातल्या ग्लिसरीनचा चिकट थर मागे राहतो. थिनर तर नकोच. लेन्स प्लॅस्टिकची असते, कायमची आंधळी होईल. तोंडाने फुंकही मारू नये, थुंकीचे बारीक थेंब उडतात.

माझी लेन्स पुसली आणि गाण्यांची सीडी झटक्यात लागली. राइट केलेलीही लागली. लॅपटॉप घेऊन मी परत मामाकडे. दंडारीची सीडी पुन्हा घातली, तर पुन्हा कुर्र, टक. या वेळी चूक माझीच होती. लॅपटॉपच्या ट्रेमध्ये मधल्या बोंडावर स्प्रिंगवरच्या तीन बारीक गोळ्या असतात, सीडी त्यांच्यावर दोन अंगठ्यांनी टक् आवाज येईपर्यंत दाबावी लागते. नुसती ठेवली तर ती तिरकी फिरते. या एका कारणापायी किती ड्राइव्ह ‘खराब’ ठरले असतील कोण जाणे.

ड्राइव्ह संगणकात दिसतच नसेल तर वाट वेगळी. लॅपटॉप सुरू होताना बायोसमध्ये शिरावं आणि यादीत ड्राइव्हचं नाव आहे का ते पाहावं. तिथेच नसेल तर विंडोजला दोष देण्यात अर्थ नाही. लॅपटॉपच्या पोटाखालचा स्क्रू काढून ड्राइव्ह बाहेर ओढावा, जोडणी पाहावी, परत घट्ट बसवावा. ट्रेसोबत मागेपुढे होणारी एक चपटी रिबन केबलही असते. रोजच्या घडीने ती थकते, आणि मग ड्राइव्ह कधी दिसतो, कधी नाही. आधी कुणी लॅपटॉपचा वेग वाढवून दिला असेल तर तेही आठवा: डीव्हीडी ड्राइव्ह काढून त्या खाचेत एसएसडी बसवण्याची पद्धत सर्रास आहे. बाहेरून तोंड तसंच दिसतं, आत ड्राइव्ह नसतोच.

बायोसमध्ये दिसतो पण विंडोजमध्ये नाही, तेव्हा दोष सॉफ्टवेअरचा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्राइव्हवर पिवळी खूण आणि कोड १९ किंवा ३९ असेल, तर बहुतेक वेळा सीडी राइट करणाऱ्या जुन्या सॉफ्टवेअरने रजिस्ट्रीत सोडलेल्या ‘अपरफिल्टर्स’ आणि ‘लोअरफिल्टर्स’ या नोंदी आड येतात. रजिस्ट्रीची प्रत काढून ठेवून, फक्त सीडी-डीव्हीडीच्या विभागातल्या या नोंदी काढल्या आणि लॅपटॉप पुन्हा सुरू केला की ड्राइव्ह परत येतो. त्याआधी साधा उपाय करून पाहावा: डिव्हाइस मॅनेजरमधून ड्राइव्ह अनइन्स्टॉल करून संगणक रीस्टार्ट करावा. आणि विंडोज ८ पासून सिनेमाची डीव्हीडी आपोआप चालण्याची सोयच काढून टाकली आहे. त्यासाठी ड्राइव्ह बदलायची गरज नाही, व्हीएलसी हा फुकट प्लेयर घाला.

आता सीडीकडे. मामींच्या पिशवीतल्या सातआठ सीड्यांवर नुसते ओरखडे होते. लोक चकचकीत बाजू जपतात आणि छापील बाजूवर बॉलपेनने नाव लिहितात; सीडीच्या बाबतीत हे उलटं आहे. माहिती छापील बाजूच्या पातळ थराखालीच असते, तिकडचा ओरखडा म्हणजे माहिती खरवडली गेली. खालच्या बाजूचा ओरखडा प्लॅस्टिकचा, तो घासून कमी करता येतो. भंडारा पितळेचं गाव, भांड्यांना झिलई देणं इथे कुणाला शिकवायला नको. तोच न्याय: मऊ कापड, अगदी बारीक पॉलिश, आणि घासायचं मध्यापासून कडेकडे. गोल घासू नका. सीडीत चुका भरून काढण्याची सोय आहे, आडवा छेद ती भरून काढते. रेषेच्या दिशेने पडलेला ओरखडा सलग मोठा तुकडा गिळतो, तो भरत नाही. एक खूण अशी: रेषा आतून सुरू होते, म्हणून लग्नाची सीडी सुरुवातीला चालून शेवटच्या जेवणावळीला अडकत असेल तर दोष बाहेरच्या कडेला आहे. मुळी ओळखलीच जात नसेल तर अगदी आतलं वर्तुळ पाहा.

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेच्या पुराने भंडारा शहरात आणि पवनी-लाखांदूरच्या पट्ट्यात जे केलं ते इथे सांगायला नको. आमच्या एका नातेवाइकांच्या सीड्या तेव्हा दोन दिवस गाळात होत्या. त्यांनी त्या स्वच्छ पाण्यात नुसत्या बुडवून धुतल्या, सावलीत उभ्या वाळवल्या, आणि बहुतेक वाचल्या. सीडीच्या प्लॅस्टिकला, पॉलिकार्बोनेटला, पाण्याचं भय नाही. भय असतं कडेतून आत शिरून अॅल्युमिनियमचा थर खाणाऱ्या ओलीचं. उजेडाकडे धरून सीडीत सुईच्या टोकाएवढी भोकं दिसली तर तेवढी माहिती गेली असं समजावं.

दंडारीच्या सीडीने शेवटी एक कोडं घातलं. ती व्हीएलसीमध्ये चालत होती, पण फाइल कॉपी करायला गेलं की मध्येच चूक दाखवून बंद. कारण ती व्हीसीडी होती, १९९३ साली ठरलेल्या पद्धतीची. साध्या डेटा सीडीच्या २३५२ बाइटच्या प्रत्येक खणात २०४८ बाइट माल असतो, उरलेली जागा बरीचशी चुका शोधण्या-भरण्यासाठी राखलेली. व्हीसीडीत जास्त चित्रं मावावीत म्हणून ती राखीव जागा कापून २३२४ बाइट माल भरला. चित्रात एखादा ठिपका चुकला तर प्रेक्षकाला चालतं, फाइल कॉपी करणाऱ्या विंडोजला चालत नाही. अशा सीडीसाठी आयसोबस्टरसारखं खास सॉफ्टवेअर लागतं. डीव्हीडी असेल तर लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू उत्तम: ते आधी सोपे भाग उचलतं, अवघड भागांची नोंद ठेवतं आणि नंतर त्यांच्यावर पुन्हा पुन्हा प्रयत्न करतं. तीच नोंद घेऊन डीव्हीडी दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घातली तर एकाला न दिसलेलं दुसऱ्याला दिसतं. यूएसबीचा बाहेरचा ड्राइव्ह त्यासाठी उपयोगी. मात्र तो लॅपटॉपलाच थेट जोडावा, हबमधून नको. जुन्या पोर्टमधून ५०० मिलिअँपिअरच वीज मिळते आणि मोटर सुरू होताना तेवढीही कमी पडू शकते.

हा खटाटोप घाईने करण्याचं कारण साधं आहे. कोऱ्या सीड्या आणि २८ रुपयांची सिनेमाची व्हीसीडी घरोघर पोचवणारी मोझर बेअर ही भारतीय कंपनी २०१८ साली दिवाळखोरीत निघाली. नव्या लॅपटॉपमध्ये सहसा ड्राइव्ह येत नाही. म्हणजे जुना ड्राइव्ह हेच आता आपल्या घरातलं वाचनयंत्र, आणि त्याचा लेसर वापरागणिक झिजतो. लेन्स पुसली त्या आठवड्यातच आधी काय उतरवायचं ते ठरवा: सिनेमे शेवटी, ते कुठेही मिळतील.

मामींच्या एकतीसपैकी सव्वीस उतरल्या. तीन अर्धवट, दोन काही केल्या नाहीत. दंडार पूर्ण उतरली. आजोबा तिच्यात सातव्या मिनिटाला येतात, फेटा जरा सैल, आवाज खणखणीत. खडी गंमतीच्या दोन्ही सीड्यांवर शाहिराचं गाव छापलेलं होतं, म्हणून पेन ड्राइव्ह घेऊन त्याच्या घरी गेलो. त्याच्या स्वतःच्या खेळाची एकही प्रत त्याच्याकडे नव्हती. तुमच्या पिशवीत अशी एखादी असेल, तर यंदाच्या मंडईला जाताना तिची एक प्रत ज्याची त्याला नेऊन द्या.