व्हिडिओ काहून अटकते? जुन्या डेस्कटॉपमध्ये पैसे कुठे घालायचे

ज्यांना हा भाग ऐकायला वेळ मिळाला नाही किंवा गाडीत बसून इअरफोनशिवाय वाचायचं आहे, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. 'अं', 'म्हणजे' वगैरे गाळलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय एका मेसेजवरून घेतलाय. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका श्रोत्याने पाठवलाय, जसाच्या तसा वाचतो: "दादा, मंडईतलं नाटक मोबाईलवर एचडीत शूट केलं. मोबाईलवर मस्त चालते. कम्प्युटरवर टाकलं की अटक-अटक करते. दुकानदार म्हणते आय७ टाक नाहीतर ग्राफिक्स कार्ड टाक. माझ्याजवळ पंधरा हजार आहेत. काय करू?"

जे पुण्या-मुंबईकडून ऐकतायत त्यांना थोडं सांगतो. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली हा आमचा झाडीपट्टीचा पट्टा. दिवाळी झाली की गावोगावी मंडई भरते आणि होळीपर्यंत रात्र-रात्र नाटकं चालतात. नाटक मंडळ्यांचं मोठं केंद्र म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा. याच रंगभूमीवरचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. आता गावातली पोरं ही नाटकं मोबाईलवर शूट करतात, एडिट करतात, यूट्यूबवर टाकतात. पुष्कळदा त्या रात्रीच्या प्रयोगाची तेवढीच एक रेकॉर्डिंग असते. आणि पंधरा हजार म्हणजे या पोराने सीझनभर लग्नं शूट करून जमवलेले पैसे. म्हणून उत्तर नीट द्यायला पाहिजे.

उत्तर आधी सांगून टाकतो. त्याच मदरबोर्डवर आय७ टाकू नको. कारण आता सांगतो.

आधी हिशोब करू. फुल एचडी म्हणजे १९२० गुणिले १०८० ठिपके, एका फ्रेममध्ये साधारण २०.७ लाख. सेकंदाला ३० फ्रेम धरल्या तर न दाबलेला व्हिडिओ सेकंदाला साधारण ९३ एमबी होतो. एवढं कोणत्या मेमरी कार्डात मावणार? म्हणून फोन तो दाबून ठेवतो. आयफोनच्या सेटिंगमध्येच लिहिलेलं असतं: फुल एचडी, ३० फ्रेम, नव्या पद्धतीने दाबलं तर मिनिटाला ६० एमबी, म्हणजे सेकंदाला १ एमबी. म्हणजे बघताना कम्प्युटरला दर सेकंदाला एका एमबीतून ९३ एमबी उलगडावे लागतात, तेही न थांबता. ६० फ्रेमने शूट केलं तर उलगडायचं काम दुप्पट, आणि फोर-के केलं तर चौपट.

हे उलगडणं दोन प्रकारे होतं. एक, प्रोसेसरने हाताने करायचं. दोन, चिपमध्ये त्याच कामासाठी बसवलेला एक छोटा वेगळा भाग असतो, डिकोडर, त्याने करायचं. आपल्या गोंदियाच्या भाषेत सांगतो. प्रोसेसर म्हणजे उखळ-मुसळ घेतलेला माणूस. त्याला धान द्या, मिरची द्या, हळद द्या, सगळं कुटेल, पण घाम गाळून. डिकोडर म्हणजे राईस मिल. एकच काम करते, पण पोत्यामागून पोती काढते आणि थकत नाही. मात्र धानाच्या मिलमध्ये तूर टाकली तर डाळ निघत नाही. डिकोडरचंही तसंच आहे. ज्या फॉरमॅटसाठी बनवला, तोच त्याला समजतो.

आणि फॉरमॅट बदलत गेलेत. एच.२६४ आला २००३ मध्ये. तो आज जवळजवळ सगळ्याच मशीनला कळतो. त्याच्यापेक्षा जास्त दाबणारा एचईव्हीसी, म्हणजे एच.२६५, आणि गूगलचा व्हीपी९, हे दोन्ही २०१३ चे. एव्ही१ चं स्पेसिफिकेशन २०१८ मध्ये आलं. तुमच्या खिशातला फोन दोन-तीन वर्षांचा असेल, त्याच्यात एचईव्हीसीची मिल बसवलेलीच आहे. म्हणून त्याच्यावर मख्खन चालतं. घरचा डेस्कटॉप २०१२-१३ चा असेल तर त्याच्यात ती नाही. तेव्हा उखळ-मुसळ सुरू होतं, पंखा घोंगावतो आणि चित्र अटकतं.

आता त्या पोराच्या मशीनकडे येऊ. त्याला कव्हरवरचं स्टिकर आणि प्रोसेसरचा नंबर पाठवायला सांगितला. कुठल्यातरी ऑफिसातून निघालेला स्लिम डेस्कटॉप, तिसऱ्या जनरेशनचा आय३, दोनच कोर. त्या मदरबोर्डवर जास्तीत जास्त काय बसतं? तिसऱ्या जनरेशनचाच आय७. चार कोर मिळतील हे खरं, साधी एचडी फाइल कदाचित ओढतही नेईल. पण एचईव्हीसीचा डिकोडर त्या आय७ मध्येही नाही. म्हणजे एकाच्या जागी दोन माणसं मुसळ घेऊन उभी केली, मिल काही आली नाही. एडिटिंगमध्ये दोन कॅमेऱ्यांचे ट्रॅक एकावर एक ठेवले की परत तेच रडगाणं. वर आय३ चा ५५ वॅटचा आय७ चा ७७ वॅट होतो, स्लिम डब्यात ती उष्णता जाणार कुठे?

इंटेलमध्ये कोणत्या जनरेशनला काय आलं हे लक्षात ठेवा, सेकंडहँड घेताना फार कामाला येतं. सहाव्या जनरेशनमध्ये, २०१५ ला, साधा ८ बिट एचईव्हीसी डिकोडर आला. सातव्यात १० बिट एचईव्हीसी आणि व्हीपी९ नीट आले. हा १० बिटचा मुद्दा सोडू नका, कारण बरेच नवे फोन एचडीआर चालू ठेवून शूट करतात आणि ते १० बिट असतं. एव्ही१ आला अकराव्या जनरेशनपासून. आणि नंबरच्या शेवटी एफ असेल, जसं १२४००एफ, तर त्यात ग्राफिक्सच नाही, म्हणजे हा डिकोडरही नाही. तो थोडा स्वस्त मिळतो म्हणून पोरं घेतात आणि मग वेगळं कार्ड शोधत फिरतात.

अजून एक फसवणूक इथेच आहे. सहाव्या-सातव्या जनरेशनचं सॉकेट आणि आठव्या-नवव्याचं सॉकेट, दोघांचं नाव एकच, एलजीए ११५१. चिप बसते, मशीन सुरू होत नाही. आठव्याला ३०० सिरीजचा मदरबोर्ड लागतो. सॉकेटचं नाव बघून प्रोसेसर घेऊ नका, मदरबोर्डच्या मॉडेल नंबरावर त्याची यादी शोधा.

खर्च करायच्या आधी मात्र बिनपैशाच्या गोष्टी. यूट्यूब अटकत असेल तर कम्प्युटरवर व्हिडिओवर राइट क्लिक करा, 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' उघडा. कोडेकसमोर एव्हीसी१ लिहिलंय, व्हीपी०९ की एव्ही०१, ते दिसेल. खाली ड्रॉप झालेल्या फ्रेमचा आकडा दिसतो. तो वाढत असेल तर मशीन मागे पडतंय. तो शून्य असून व्हिडिओ गोल-गोल फिरत असेल तर दोष नेटचा आहे, लाखाचं कार्ड टाकूनही फरक पडणार नाही. १०८०पीपर्यंत यूट्यूब एच.२६४ पण ठेवतं. 'एच२६४ीफाय' नावाचं एक्स्टेन्शन ब्राउझरला तेच घ्यायला लावतं. जुन्या मशीनवर या एका गोष्टीने जादू झाल्यासारखं वाटतं. १४४०पी किंवा फोर-के पाहिजे असेल तर ही युक्ती चालत नाही, तिथे व्हीपी९ किंवा एव्ही१ च मिळतं.

स्वतःच्या फाइलसाठी टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये जा. जीपीयूखाली 'व्हिडिओ डिकोड' असा ग्राफ दिसतो. व्हिडिओ चालू असताना तो हलत असेल तर मिल चालू आहे. तो सपाट आणि सीपीयू ९०-१०० टक्क्यांवर, तर उखळ-मुसळ. तिसऱ्या जनरेशनच्या मशीनवर हा जीपीयूचा भाग दिसतच नाही, ड्रायव्हर तेवढा नवा नसतो. मग नुसता सीपीयूचा आकडा बघा.

पुढचं शूटिंग हलकं करणंही तुमच्या हातात आहे. फोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये 'हाय एफिशियन्सी' बंद करा, आयफोनमध्ये 'मोस्ट कॉम्पॅटिबल' निवडा, फोन एच.२६४ मध्ये शूट करेल. किंमत जागेत मोजावी लागते: मिनिटाला ६० च्या जागी १३० एमबी. सहा तासांचं नाटक २१-२२ जीबीच्या जागी जवळपास ४७ जीबी होतं. आणि नाटकाला ६० फ्रेम कशाला पाहिजेत? ३० पुरेत.

आधीच शूट झालेल्या फाइलसाठी प्रॉक्सी हा मार्ग. केडेनलाइव्ह, शॉटकट ही फुकटची सॉफ्टवेअर मूळ फाइलची एक हलकी नक्कल बनवतात. एडिट नक्कलेवर होतं, शेवटी एक्स्पोर्ट मूळ फाइलवरून निघतं. नक्कल बनायला रात्रभर लागेल, लागू द्या, मशीन चालू ठेवून झोपा. माझं मत विचाराल तर लग्नं-नाटकं एडिट करणाऱ्या निम्म्या पोरांचं काम एवढ्यावर भागतं. दुकानात हे कोणी सांगत नाही, कारण याचं बिल फाडता येत नाही.

बरं, एवढं करूनही मशीनमध्ये काही टाकायचंच असेल तर? अशा जुन्या डब्यात ग्राफिक्स कार्ड हा बरोबर मार्ग, पण कोणतं ते महत्त्वाचं. बाजारात जीटी ७१० आणि जीटी ७३० अजून मिळतात. नवं कोरं पॅकिंग असतं, दोन जीबी, चार जीबी असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं. त्यांच्यात एचईव्हीसीचा डिकोडर नाही. दोन जीबी असो की चार, आपल्या कामाचं नाही. २०१७ चं जीटी १०३० मात्र १० बिट एचईव्हीसी आणि व्हीपी९ दोन्ही उलगडतं, ३० वॅटच घेतं, वेगळी पॉवरची वायर लागत नाही, आणि स्लिम डब्यात मावणारं बुटकं मॉडेलही येतं. एव्ही१ त्याला कळत नाही. आणि त्याच्यात एन्कोडर नाही, म्हणजे एक्स्पोर्ट करताना ते मदत करणार नाही. गेमवाले त्याच्या डीडीआर४ मॉडेलला शिव्या घालतात, त्या गेमसाठी बरोबर आहेत. व्हिडिओ बघायला तेही चालतं.

एएमडीचं आरएक्स ६४०० पण बुटकं मिळतं. एचईव्हीसी, व्हीपी९ चालतं, पण एव्ही१ नाही, एन्कोडरही नाही. इंटेलचं आर्क ए३१० किंवा ए३८० एव्ही१ सकट सगळं करतं, उलगडतंही आणि दाबतंही, पण या जुन्या मदरबोर्डवर ते घालायचा सल्ला मी देणार नाही. ते नव्या मशीनसाठी बनलंय.

कार्ड घातल्यावर दोन गोष्टी बघा. मॉनिटरची केबल कार्डाला लावा, मागच्या जुन्या पोर्टला नाही. हसू नका, असे फोन येतात. आणि जुना मॉनिटर निळ्या व्हीजीए पिनचा असेल तर नव्या कार्डांवर ते पोर्ट नसतं, एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर सोबतच घ्या. नागपूरला सीताबर्डीला जाऊन कार्ड आणायचं आणि एका कन्व्हर्टरसाठी परत गाडीत बसायचं, असं नको.

त्या पोराला मी शेवटी काय सांगितलं? ही मंडई प्रॉक्सीवर काढ. पंधरा हजार तसेच ठेव. कारण तिसऱ्या जनरेशनवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, त्याला आठवं जनरेशन लागतं, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. अशा डब्यात सगळी जमा ओतण्यापेक्षा थोडे जोडून आठव्या किंवा पुढच्या जनरेशनचा सेकंडहँड डेस्कटॉप घे, त्याच्यात १० बिटपर्यंतचा डिकोडर आतच असतो. तो म्हणाला, "अन् मित्राच्या मिररलेस कॅमेऱ्याची फाइल?" ते वेगळं प्रकरण आहे. त्या कॅमेऱ्यात ४:२:२ नावाची सेटिंग चालू असेल तर एनव्हीडियाची जुनी कार्डं हात वर करतात, २०२५ च्या आरटीएक्स ५० सिरीजपासून ते जमायला लागलं. इंटेलच्या अकराव्या जनरेशनपासूनचं आतलं ग्राफिक्स मात्र ४:२:२ एचईव्हीसी उलगडतं. म्हणजे लग्नाच्या कामासाठी बारावी जनरेशन, एफ नसलेली, हा सौदा महागड्या कार्डापेक्षा शहाणपणाचा.

आणि उन्हाळा येतोय. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो, त्यात मिलजवळ घर असेल तर कोंड्याची धूळ पंख्यात जाऊन बसते. चिप तापली की स्वतःच वेग कमी करते आणि व्हिडिओ पुन्हा अटकतो, कार्ड कितीही नवं असो. त्याआधी डबा उघडा, लाइट बंद करून, प्लग काढून. पंखा ब्रशने साफ करा, प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावा. एक छोटी ट्यूब बरेच दिवस पुरते. शेजाऱ्याचाही डबा साफ करून द्या, तो चहा पाजेल.