धूर किती आणि व्हिस्की कशी
लेखमाला : स्कॉटलंडची सिंगल माल्ट – भाग सहावा

पीटर मॅकी हा स्वस्थ बसणाऱ्यांतला माणूस नव्हता. आयला बेटावरच्या लॅगाव्हूलिन डिस्टिलरीचा तो मालक, 'व्हाइट हॉर्स' या प्रसिद्ध ब्लेंडचा कर्ता. शेजारच्या लफ्रॉइगची व्हिस्की विकण्याचा हक्कही बरीच वर्षं त्याच्याच कंपनीकडे होता. १९०७ मध्ये लफ्रॉइगवाल्यांनी तो काढून घेतला. मॅकीनं भांडण कोर्टात नेलं, त्यांचं पाणी अडवून पाहिलं, आणि काहीच साधेना तेव्हा १९०८ साली लॅगाव्हूलिनच्याच आवारात दुसरी छोटी डिस्टिलरी उभारली. तिचं नाव माल्ट मिल. उद्देश उघड होता : लफ्रॉइगची हुबेहूब नक्कल. तांब्याची भांडी तिथल्या भांड्यांच्या घडणीची, इंधन फक्त पीट, आणि कामाला लफ्रॉइगमधूनच फोडून आणलेला माणूस. दोन्ही जागांमध्ये अंतर जेमतेम मैल-सव्वा मैल. एवढं सगळं करूनही जे पिंपात उतरलं ते लफ्रॉइग नव्हतं. माल्ट मिल पुढं पन्नासेक वर्षं चालली, मॅकीला जाऊन तीन दशकं उलटल्यावर, १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली. नक्कल शेवटपर्यंत जमली नाही.

हा किस्सा मुद्दाम आधी सांगितला, कारण पीटच्या धुराची व्हिस्की चाखायला बसलेल्या मंडळींत हल्ली एक सवय दिसते. बाटली हातात आली की पहिला प्रश्न : "पीपीएम किती?" जणू तो आकडा कळला की निकाल लागला. गेल्या भागात आपण बार्ली भिजवून, मोड आणून माल्ट कसं करतात ते पाहिलं होतं. ते ओलं माल्ट वाळवताना खाली पीट जाळतात. दलदलीत न कुजता हजारो वर्षं दबून राहिलेलं शेवाळ, गवत, हेदरची झुडपं म्हणजे पीट. साधारण वर्षाला मिलिमीटरभर या गतीनं ते साचतं, म्हणजे मीटरभर खोल खणलं की हजार वर्षांपूर्वीचं गवत हाती येतं. आयलावर ना जंगल, ना दगडी कोळसा. त्यामुळे घरातली शेगडी असो की डिस्टिलरीची भट्टी, सगळीकडं पीटच. मुख्य भूमीवर रेल्वेबरोबर कोळसा पोचला आणि स्पेसाइडची व्हिस्की हळूहळू धुरातून मोकळी झाली. बेटांवर धूर राहिला. पुढं त्यालाच 'परंपरा' म्हणू लागले, पण मुळात ती अडचण होती.

आता तो आकडा. धुरातली फिनॉल गटातली द्रव्यं ओल्या दाण्याच्या टरफलाला चिकटतात. दर दहा लाख भागांमागं ती किती आहेत याची मोजणी म्हणजे पीपीएम. बोमोरचं माल्ट पंचवीसच्या आसपास, लॅगाव्हूलिनचं पस्तीसच्या, लफ्रॉइगचं चाळीस-पंचेचाळीस, आर्डबेगचं पंचावन्न. मेख अशी की हा आकडा माल्टचा असतो, व्हिस्कीचा नसतो. दाणा भरडून गरम पाण्यात घातला की काही फिनॉल चोथ्याबरोबर जातात आणि बेटावरच्या गाईगुरांच्या पोटात पोचतात. काही आंबवताना, काही भट्टीत गळतात. नव्या दारूत उतरतात ते निम्म्याहूनही कमी. पुढं पिंपात वर्षं सरतात तसे ते आणखी उणे होतात. पेल्यात नेमके किती उरले हे बाटलीवर सहसा कुणी छापत नाही.

कलीला आणि लॅगाव्हूलिन ही जोडी याची सर्वोत्तम साक्ष आहे. (लिहिताना काओल इला असं काहीतरी दिसतं, बोलताना कलीला.) दोन्ही डिस्टिलऱ्या आज डियाजिओ या कंपनीच्या मालकीच्या. दोघींचं माल्ट एकाच ठिकाणाहून येतं, १९७३ मध्ये सुरू झालेल्या पोर्ट एलन माल्टिंग्जमधून. धुराचं प्रमाणही जवळपास सारखंच. तरी लॅगाव्हूलिन १६ जाड, तेलकट, गोडसर, काळ्या चहाच्या आणि सुक्या मेव्याच्या अंगानं जाणारी, आणि कलीला १२ हलकी, लिंबाच्या सालीची, खारट वाऱ्याची, धूर असूनही स्वच्छ. फरक भट्टीत पडतो. लॅगाव्हूलिनची भांडी बुटकी, पोटाळ, आणि ती जवळपास काठोकाठ भरून सावकाश चालवतात. वाफेला तांब्याचा सहवास कमी मिळतो, जड द्रव्यं वर येतात. कलीलाची भांडी मोठी आणि त्यांत मोकळी जागा बरीच. वाफ तांब्याला घासत, खाली कोसळत, पुन्हा चढत जाते आणि हलकी होऊन बाहेर पडते.

दुसरी गोष्ट कापण्याची. दुसऱ्या ऊर्ध्वपातनात धार सुरू झाली की पहिला भाग बाजूला काढतात, मधला ठेवतात, शेवटचा पुन्हा बाजूला काढतात. फळांचे, मिठाईचे वास आधी येतात. धूर उशिरा येतो, धारेचा जोर ओसरू लागल्यावर. लफ्रॉइगमध्ये पहिला भाग तब्बल पाऊण तास वाहू देतात, इतरत्र कितीतरी कमी. म्हणजे फळांचा बराचसा गोडवा ते आपणहून सोडून देतात आणि धुराच्या बाजूला उशिरापर्यंत थांबतात. आर्डबेगच्या भांड्याला एक शुद्धीकरणाची नळी जोडलेली आहे. जड वाफ तिच्यातून परत भांड्यात जाते. म्हणून माल्टमध्ये आयलातल्या जुन्या डिस्टिलऱ्यांत सर्वांत वरचढ आकडा असूनही आर्डबेग १० मध्ये लिंबू आणि व्हॅनिला इतका मोकळा सापडतो. आयलावरच्याच ब्रुक्लॅडी डिस्टिलरीनं तर २०१७ मध्ये ऑक्टोमोर ८.३ ही व्हिस्की काढली, ३०९.१ पीपीएमची. आकडा वाचून घसा आवळतो. चाखली तर उंच, निमुळत्या भांड्यांतून आलेली ती व्हिस्की धुराइतकीच बार्लीची वाटते. माझ्या मते त्या आकड्याचा उपयोग बाटली विकायला जास्त आणि चाखायला कमी.

धुराच्या वासाबद्दल एक गैरसमज इथंच उरकून टाकू. लफ्रॉइगचा पहिला घोट घेणारा हमखास म्हणतो, हा तर दवाखान्याचा वास. मग कुणीतरी जाणकार समुद्रातलं आयोडीन, किनाऱ्यावरचं शेवाळ, पिंपांवर येणारे खारे तुषार असं काव्य सुरू करतो. पहिल्याचंच बरोबर असतं. फिनॉल म्हणजेच कार्बोलिक ॲसिड. १८६५ मध्ये ग्लासगोत जोसेफ लिस्टरनं जखमा धुवायला तेच वापरलं आणि शस्त्रक्रियेचा इतिहास बदलला. त्याचे भाऊबंद क्रेसॉल, ते तर थेट मलमपट्टीचा वास घेऊन येतात. शेकोटीचा, भाजल्याचा वास ग्वायकॉलचा. ज्यांच्या न्हाणीघरात लाल लाइफबॉय होता त्यांना लफ्रॉइगची ओळख करून द्यावी लागत नाही. अमेरिकेत दारूबंदी असताना ही व्हिस्की औषध म्हणून आत नेली गेली असं सांगतात. अधिकाऱ्यानं बाटली हुंगली असेल तर त्याला शंका यायचं कारण नव्हतं.

तर चाखायचं कसं? क्रम आधी ठरवा. धुराची व्हिस्की एकदा तोंडात गेली की पुढची बिनधुराची फिकी वाटते. आयलाचीच रांग लावायची तर बुन्नाहाव्हन १२ पासून सुरू करावी, तिच्यात धूर नावापुरता. मग बोमोर, कलीला, लॅगाव्हूलिन, शेवटी लफ्रॉइग आणि आर्डबेग. सहा म्हणजेही जास्तच, चार पुरेत. प्रत्येकी पंधरा मिलिलिटर, मध्ये साधं पाणी आणि कोरडं बिस्कीट. शेव-चिवडा, तळलेले बोंबील, मसाला शेंगदाणे हे सगळं नंतर. पेला ट्यूलिपच्या आकाराचा हवा, तोंडाशी आवळलेला. ग्लेनकेर्न या नावानं मिळतो. रंगाकडे पाहून काही ठरवू नका. स्कॉच व्हिस्कीच्या २००९ च्या नियमांनुसार साधा कॅरमेल रंग घालायची मुभा आहे, त्यामुळे गडद म्हणजे जुनी हे समीकरण टिकत नाही.

यापुढचा टप्पा बहुतेक लोक घाईनं उडवतात. पहिल्या हुंगण्यात धूर एवढा पुढं येतो की दुसरं काही दिसत नाही. तिथंच गुण लिहिले तर ते धुराला दिलेले गुण. पेला खाली ठेवा, दहा मिनिटं गप्पा मारा. नाक त्या धुराला सरावतं आणि मागची मंडळी पुढं येऊ लागतात : कलीलात नासपती, लॅगाव्हूलिनमध्ये खजूर, बोमोरमध्ये पिकल्या फळाची किंचित अत्तरी छटा. काही व्हिस्कीत मागं कुणीच नसतं. कोवळ्या दारूचा कच्चेपणा धुराच्या पडद्याआड बेमालूम लपतो, आणि वयाचा उल्लेख नसलेल्या कित्येक भडक वेष्टनांच्या बाटल्यांचं रहस्य तेच आहे. म्हणून कोवळी म्हणजे वाईट असंही नाही. २०१६ मध्ये लॅगाव्हूलिननं दोनशे वर्षं पुरी केली तेव्हा त्यांनी आठ वर्षांची बाटली काढली. तिच्यात धूर सोळापेक्षा धारदार आहे, पिंपाचा गोडवा कमी आहे, आणि भट्टीचं काम उघडं दिसतं. मला अभ्यासाला तीच आवडते. संध्याकाळ घालवायला सोळा.

पाण्याबद्दल घराघरांत वाद आहेत. २०१७ मध्ये स्वीडनच्या लिनियस विद्यापीठातल्या ब्यॉर्न कार्लसन आणि रान फ्रीडमन यांनी संगणकावर पाणी, मद्यार्क आणि ग्वायकॉल यांचं मिश्रण मांडून पाहिलं. मद्यार्क पंचेचाळीस टक्क्यांच्या आत असेल तर ग्वायकॉल पृष्ठभागाजवळ राहतं, म्हणजे नाकाच्या वाटेवर. साठच्या आसपास असेल तर मद्यार्काचे रेणू त्याला वेढून आत ओढतात. थेट पिंपातून भरलेल्या ५८-६० टक्क्यांच्या व्हिस्कीत चमचाभर पाणी घातल्यावर धूर वाढल्यासारखा वाटतो तो भास नसावा. लफ्रॉइग १० इंग्लंडमध्ये ४० टक्क्यांचीच मिळते. तिच्यात पाणी घालायचं म्हणजे कारखान्यानं केलेलं काम पुन्हा करायचं.

शंभरांपैकी गुण द्यायची रीत व्हिस्कीत रुजली ती ब्रिटिश पत्रकार मायकेल जॅक्सनमुळे. गायकाशी संबंध नाही. त्याचं माल्ट व्हिस्कीवरचं मार्गदर्शक पुस्तक १९८९ मध्ये आलं, आणि लॅगाव्हूलिन १६ ला त्यानं अगदी वरच्या रांगेत बसवलं. त्याच सुमारास ती बाटली जगभरच्या बारमध्ये दिसू लागली होती, तेव्हा पुस्तकानं तिला किती हात दिला हे वेगळं सांगायला नको. पुढं व्हिस्कीसमीक्षक जिम मरेनं आपल्या 'व्हिस्की बायबल' या पुस्तकात हिशेब चार भागांत वाटला : वास, चव, घोटानंतर उरणारी चव, आणि तोल. प्रत्येकी पंचवीस. त्याच्या २००८ च्या आवृत्तीत आर्डबेग १० जगातली सर्वोत्तम ठरली. कागदावर शंभरांची पट्टी असली तरी प्रत्यक्षात सगळा खेळ पंच्याहत्तर ते पंच्याण्णवमध्ये चालतो. पन्नास गुणांची व्हिस्की सहसा कुणी पुस्तकात घेत नाही. ८७ आणि ८८ यांतला फरक मात्र जो तो छातीठोकपणे सांगतो.

याउलट वाट एडिनबरोच्या लीथ बंदरातल्या स्कॉच माल्ट व्हिस्की सोसायटीनं काढली. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या या मंडळाच्या बाटलीवर डिस्टिलरीचं नावच नसतं. असतो फक्त एक क्रमांक. २९ म्हणजे लफ्रॉइग, ३३ आर्डबेग, ५३ कलीला, पुढं टिंब देऊन पिंपाचा अनुक्रम. मुरलेल्या सभासदांना हे आकडे पाठ असतात, त्यामुळे गुपित फार काळ राहत नाही, पण नव्या माणसाला निदान एका संध्याकाळपुरतं नावाच्या दबावातून सुटता येतं.

माझ्या वहीत धुराला गुण नाहीत. तो एका वेगळ्या रकान्यात जातो, शून्य ते पाच, आणि त्याची बेरीज कशातच होत नाही. मरेचे चार भाग मी ठेवलेत, पण तोलाचे गुण शेवटी, पेला अर्ध्यावर आल्यावर लिहितो. धूर आणि बाकीची चव एकमेकांच्या तोंडात बोलतात की आळीपाळीनं, हे तोवर कळून येतं. या पट्टीवर कलीला १२ ला धूर तीन आणि गुण बऱ्याच नामवंत पाच-धूरवाल्यांपेक्षा जास्त मिळतात. लफ्रॉइगप्रेमींना हे पटत नाही, आणि ते तसं पत्रांतून कळवतात.

आपल्याकडच्या वाचकाला ही रांग आता थोडी लांबवता येते. बंगळूरच्या अमृत डिस्टिलरीनं २००४ मध्ये आपली सिंगल माल्ट आधी ग्लासगोतच नेऊन विकली, म्हणजे थेट खडूस परीक्षकांच्या दारात. नंतरच्या 'फ्यूजन'मध्ये भारतीय बार्लीबरोबर स्कॉटलंडहून आणलेलं धुराचं माल्ट आहे, आणि मरेनं २०१० च्या आवृत्तीत तिला ९७ गुण देऊन जगात तिसरी ठरवली. गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉनची डिस्टिलरी आहे. त्यांच्या 'बोल्ड'साठी पीट आयलाहून येतं. स्कॉटलंडात पिंपातून वर्षाला दोनेक टक्के व्हिस्की उडते, गोव्याच्या उष्म्यात त्याच्या तिप्पट-चौपट. लाकूड लवकर बोलू लागतं, त्यामुळे वयाच्या मानानं तिच्यात मध आणि मसाल्याचा भार जास्त असतो आणि धूर त्याखालून येतो. 'बोल्ड' आणि कलीला १२ शेजारी ठेवून, बाटल्या झाकून, चार जणांकडून गुण लिहून घ्या. (मुंबई-पुण्यात हा प्रयोग करायचा तर पिण्याचा परवाना आणि वयाची पंचविशी लागते, हे जाता जाता.) पीट एकाच बेटाचं, भट्टी आणि हवा वेगळी, आणि मॅकीच्या माल्ट मिलपेक्षा हा प्रयोग पुष्कळ स्वस्त.

२०२५ मध्ये कलीला आपल्याकडे महाग पडत होती ती दीडशे टक्के आयात शुल्कामुळे. २४ जुलै २०२५ रोजी झालेल्या भारत-ब्रिटन व्यापार करारात ते आधी पंच्याहत्तरवर आणि दहा वर्षांत चाळीसवर आणायचं ठरलं. पुढच्या आठवड्यात पिंपं : शेरीचं पिंप धुराशी का भांडतं, आणि बर्बनचं का जमवून घेतं.