गाडी जुनी म्हणून कर, की धूर जास्त म्हणून?

मुंबईच्या उपनगरांतील लहान व्यापारी आणि कारागीर यांचे गाडीशी दुहेरी नाते आहे. ओशिवऱ्याच्या फर्निचरवाल्याचा माल टेम्पोशिवाय हलत नाही. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरील सुटे भाग विकणाऱ्याची रोजी-रोटी तर जुन्या गाड्यांवरच चालते. आणि हीच मंडळी दिवसाचे बारा-बारा तास रस्त्याच्या कडेला दुकान मांडून बसतात. कुर्ला, घाटकोपर, मुलुंड असा लालबहादूर शास्त्री मार्गावरचा धूर सर्वात आधी त्यांच्याच छातीत जातो. म्हणजे आमचा वाचक करही भरतो आणि धूरही गिळतो. म्हणूनच गाड्यांच्या धुरावरील कर न्याय्य आहे की नाही, या प्रश्नाकडे आम्ही केवळ कर भरणाऱ्याच्या नजरेने पाहू इच्छित नाही.

धूर करणाऱ्याने त्याची किंमत मोजावी, हे तत्त्व आम्हाला मान्य आहे. प्रश्न एवढाच की आपल्याकडील कर खरोखर धूर मोजतो का?

आधी भार कोणावर पडला?

हा विषय मुंबईत नवा नाही. 1999 साली ‘स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरम’ या संस्थेची जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयात आली. न्यायालयाने परिवहन आयुक्त व्ही. एम. लाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पुढे जुन्या टॅक्सी आणि रिक्षा हटवून सीएनजीवर आणण्याचे आदेश निघाले. आज मुंबईच्या टॅक्सी-रिक्षा सीएनजीवर धावतात, त्यामागे हा इतिहास आहे. शहराला त्याचा फायदा झाला, यात शंका नाही. पण त्या बदलाचा मोठा भार हातावर पोट असलेल्या चालकांनी उचलला. खाजगी मोटारमालकाला तशी झळ लागली नाही.

नंतर 2010 साली महाराष्ट्र शासनाने पर्यावरण कर आणला. खाजगी गाडीला 15 वर्षे आणि धंद्याच्या गाडीला 8 वर्षे पूर्ण झाली की हा कर लागू होतो. कर आला तेव्हा पाच वर्षांसाठी दुचाकीला 2,000 रुपये, पेट्रोल मोटारीला 3,000 रुपये आणि डिझेल मोटारीला 3,500 रुपये असा दर ठरला. रिक्षाला 750 रुपये, तर लहान मालवाहू गाडीला 2,500 रुपये ठेवण्यात आले.

हिशोब करून पाहू

व्यापाऱ्याला हिशोब समजतो, म्हणून आकड्यांतच बोलू. 2010 च्या दराने डिझेल मोटारीचा कर वर्षाला 700 रुपये होतो, म्हणजे दिवसाला दोन रुपयांहून कमी. जो माणूस जुनी डिझेल गाडी रोज अंधेरी ते मुलुंड पळवतो, तोही तेवढेच भरतो. जो आठवड्यातून एकदा गाडी बाहेर काढतो, तोही तेवढेच भरतो. पहिल्याला हा कर गाडी बदलायला लावत नाही, दुसऱ्याला मात्र विनाकारण दंड वाटतो. पेट्रोल आणि डिझेल यांतील फरकही वर्षाला फक्त 100 रुपयांचा, जरी डिझेलच्या काजळीचा त्रास पेट्रोलपेक्षा पुष्कळ अधिक असला तरी.

वयाला काहीच अर्थ नाही, असे आम्ही म्हणत नाही. डिझेल मोटारीच्या धुरातील सूक्ष्म कणांची मर्यादा भारत स्टेज-3 मध्ये किलोमीटरमागे 50 मिलिग्रॅम होती, भारत स्टेज-4 मध्ये 25, आणि एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या भारत स्टेज-6 मध्ये 4.5. हा फरक अकरा पटींचा आहे. पण मग गाडी कोणत्या स्टेजची, कोणत्या इंधनाची आणि किती धावते, हे विचारा. बारा वर्षांची खाजगी डिझेल गाडी पर्यावरण करातून सुटते आणि सोळा वर्षांची, नीट राखलेली पेट्रोल गाडी त्यात सापडते, याला धुरावरचा कर कसे म्हणावे?

नव्या गाडीचे काय?

नव्या मोटारीचा एकरकमी कर महाराष्ट्रात किमतीवर आणि इंधनावर ठरतो. दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला 11 टक्के, तर डिझेलला 13 टक्के. डिझेलवर जास्त कर, हे योग्यच आहे. परंतु 1 जुलै 2025 पासून सीएनजी गाड्यांचा कर एक टक्क्याने वाढवण्यात आला. ज्या इंधनाकडे वळण्यासाठी टॅक्सी-रिक्षावाल्यांना न्यायालयाचा बडगा दाखवला गेला, तेच घेणाऱ्याला आता जास्त मोजावे लागते. दुसरीकडे, 30 लाखांवरील विजेच्या मोटारींवर 6 टक्के कर लावण्याचा प्रस्ताव 2025 च्या अर्थसंकल्पात होता. तो त्याच अधिवेशनात मागे घेण्यात आला. विजेची गाडी रस्त्यावर धूर सोडत नाही, हे खरे. पण 30 लाखांची मोटार घेणाऱ्याला सवलत आणि सीएनजीची लहान गाडी घेणाऱ्याला वाढ, ही तराजूची दांडी सरळ नाही.

ऑक्टोबर 2024 मध्ये दहिसर, मुलुंड, ऐरोली, वाशी येथील मुंबईच्या प्रवेशनाक्यांवर मोटारींना टोल माफ झाला. त्यात धूर पाहिला गेला नाही. जुनी असो वा नवी, प्रत्येक मोटार मोफत. मालाचा ट्रक मात्र पैसे भरतच राहिला, आणि ट्रकचे भाडे शेवटी मालाच्या किमतीतच येते.

इतरत्र काय केले?

लंडन शहरात 2019 पासून जास्त धूर करणाऱ्या गाडीला, ज्या दिवशी ती रस्त्यावर येईल त्या दिवसाचे साडेबारा पौंड भरावे लागतात. ऑगस्ट 2023 मध्ये हा नियम सर्व उपनगरांत लागू झाला तेव्हा तेथेही कारागीर आणि लहान धंदेवाले चिडले. पण तेथे दोन गोष्टी होत्या. गाडी धूर किती करते यावर कर होता, नुसत्या वयावर नव्हे. आणि जुनी मोटार मोडीत काढणाऱ्याला 2,000 पौंडांपर्यंत मदत मिळाली. लहान व्यापाऱ्यांच्या व्हॅनसाठी वेगळी मदत होती.

आपल्याकडे गाडी मोडीत काढल्यास नव्या गाडीच्या करात सूट मिळते. राज्य मंत्रिमंडळाने 2025 मध्ये ती 10 वरून 15 टक्क्यांवर नेली. परंतु ही सूट नवी गाडी घेणाऱ्यालाच. आमचा कारागीर बहुधा सेकंडहँड टेम्पोवरून दुसऱ्या सेकंडहँड टेम्पोवर जातो. त्याच्या हाती काय लागले?

न्याय्य कर कसा असावा?

केंद्र सरकारने जानेवारी 2021 मध्ये हरित कराचा प्रस्ताव मंजूर केला तेव्हा सांगितले की धंद्याच्या गाड्या एकूण गाड्यांच्या सुमारे 5 टक्के आहेत, पण वाहनांच्या प्रदूषणात त्यांचा वाटा 65 ते 70 टक्के आहे. हा आकडा आपल्या बाजूचा नाही, तरीही व्यापाऱ्यांनी तो डोळ्यांआड करू नये. धंद्याच्या गाड्यांवर कर वाढणार, हे धरून चालावे. म्हणूनच तो नीट असावा, ही मागणी आत्ताच हवी.

आमच्या मते तीन गोष्टी आवश्यक आहेत. कर स्टेज, इंधन आणि धाव यांवर ठरावा. पीयूसी तपासणी केवळ कागद मिळवण्यापुरती न राहता तिचा निकाल कराला जोडला जावा, म्हणजे इंजिन राखणाऱ्याला त्याचे फळ मिळेल. आणि जमा झालेल्या पैशातून सेकंडहँड पण स्वच्छ गाडी घेणाऱ्या लहान धंदेवाल्यालाही मदत मिळावी.

जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने महानगर प्रदेशात पेट्रोल-डिझेल गाड्या टप्प्याटप्प्याने बंद करता येतील का, हे तपासण्यासाठी समिती नेमण्यास सांगितले. त्याच आदेशात लाकूड-कोळशाच्या बेकऱ्यांना इंधन बदलण्यासाठी सहा महिन्यांची मुदत घालण्यात आली. बेकरीवाल्या बंधूंना त्याची धावपळ माहीत आहे. मुदत आल्यावर धावण्यापेक्षा आधी बोलणे स्वस्त पडते.

तोवर, जुना टेम्पो घेताना तीन कागद हातात घेतल्याशिवाय बयाणा देऊ नका: पर्यावरण कराची पावती, फिटनेस प्रमाणपत्र आणि चालू पीयूसी. आणि नोंदणीच्या पुस्तकात गाडी कोणत्या भारत स्टेजची आहे, तेही पाहा. उद्याचा कर बहुधा तोच रकाना वाचणार आहे.